आगकाड्या नाचविणारे दादासाहेब फाळके

नागपुराहून दक्षिणेस निघालेला प्रवासी बुटीबोरीस पोहोंचला म्हणजे त्याच्यापुढें दोन मार्ग येतात; एक वर्ध्याकडे वळतो व दुसरा हैदराबादेकडे जातो. येथेंच आमच्या गांवाची विस्तीर्ण औद्योगिक वसाहत पसरलेली आहे. तेथें माल तयार होतो, गाड्यांत भरला जातो व दूरदूरच्या बाजारपेठांत जाऊन पोहोंचतो. आणि माल जेथें जातो तेथें त्याची जाहिरातहि जाते. आमच्या कित्येक विद्यार्थ्यांचे वडील या कारखान्यांतून काम करतात. तेव्हां जाहिरात ही वस्तु आमच्या मुलांस परकी नाहीं. किंबहुना पाठ्यपुस्तकांतील कविता ज्यांना पाठ होत नाहींत, त्यांना दूरचित्रवाणीवरील जाहिराती मात्र अक्षरशः मुखोद्गत असतात, अशी पालकांची तक्रार वारंवार आमच्या कानीं येते.

या जाहिरातींतहि मुलांस सर्वांत प्रिय अशा त्या, ज्यांत निर्जीव वस्तु सजीव होतात. बिस्किट उड्या मारतें, दांत घासण्याचा ब्रश नाच करतो, रंगाचा डबा आपल्या पायांनीं चालूं लागतो, आणि हा सगळा विक्षिप्त प्रकार अर्ध्या मिनिटांत आटोपतो. मोठीं माणसें तें पाहून हंसतात व विसरून जातात. परंतु निर्जीवांस चालविण्याची ही विद्या आपल्या देशांत प्रथम कोणीं साधली, असा प्रश्न आम्हीं एके दिवशीं वर्गांत विचारला, तेव्हां बहुतेक मुलांनीं अमेरिकेंतील वॉल्ट डिस्ने यांचेंच नांव घेतलें. डिस्ने यांचा सुप्रसिद्ध मिकी उंदीर १९२८ सालीं लोकांपुढें आला. त्याच्या तेरा वर्षें आधीं नाशिक येथें एका मराठी गृहस्थांनीं आगकाड्यांस पडद्यावर नाचविलें होतें, हें ऐकून मुलें चकित झालीं. त्या गृहस्थांचें नांव धुंडिराज गोविंद फाळके. भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके म्हणून त्यांस सर्व लोक ओळखतात. पण आगकाड्या नाचविणारे फाळके थोड्यांनाच ठाऊक आहेत. त्यांचें चरित्र या दृष्टीनें वाचकांपुढें ठेवावें, असें आम्हीं योजिलें आहे.

दादासाहेबांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजीं नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वर या क्षेत्रीं झाला. वडील गोविंद सदाशिव फाळके हे संस्कृतचे व्युत्पन्न शास्त्री असून मातुश्रींचें नांव द्वारकाबाई होतें. घरांतील वातावरण पूजापाठाचें व शास्त्राध्ययनाचें असल्यामुळें या मुलानेंहि शास्त्रीपणा करावा, हें स्वाभाविक होतें. परंतु वडिलांस मुंबईच्या विल्सन महाविद्यालयांत संस्कृत शिकविण्याची नोकरी मिळाली व कुटुंब मुंबईस आलें. स्कॉटलंडांतून आलेल्या मिशनरी मंडळींनीं चालविलेल्या महाविद्यालयांत एका वैदिक ब्राह्मणानें गीर्वाणवाणी शिकवावी, आणि त्यायोगें त्याच्या मुलास चित्रकलेचें दार उघडावें, हा योगायोग आमच्यासारख्या शाळेच्या वाचकांस विशेष वाटल्यावांचून राहणार नाहीं. मुंबईस आल्यावर १८८५ सालीं धुंडिराज सर जे. जे. कलाशाळेंत दाखल झाले.

पुढें ते बडोद्यास गेले व तेथील कलाभवनांत शिकूं लागले. त्या संस्थेंत हातानें करावयाच्या नानाविध विद्या शिकविल्या जात. फाळके यांनीं चित्रें काढलीं, मूर्ति घडविल्या, वास्तुकलेचा अभ्यास केला, आणि छायाचित्रणाच्या यंत्राचा तर त्यांस ध्यासच लागला. १८९२ सालीं अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनांत आदर्श नाट्यगृहाची एक लहान प्रतिकृति करून त्यांनीं सुवर्णपदक मिळविलें. कलाभवनाचे प्रमुख प्राध्यापक गज्जर यांनीं या तरुणाची हुषारी ओळखली व छपाईचे ठसे तयार करण्याची कला शिकण्यासाठीं त्यास रतलाम येथें पाठविलें.

एवढ्या विद्या अवगत असलेल्या मनुष्याचा संसार सुखाचा व्हावा, असें कोणासहि वाटेल. परंतु घडलें तें निराळेंच. गुजराथेंत गोध्रा येथें त्यांनीं छायाचित्रांचें दुकान घातलें, आणि तेथेंच १९०० सालच्या प्लेगानें त्यांची पत्नी व मूल हीं दोघेंहि नेलीं. शोकाकुल होऊन ते बडोद्यास परत आले. तेथेंहि छायाचित्राचा धंदा चालेना, कारण यंत्रापुढें बसल्यास अंगांतील शक्ति क्षीण होते अशी लोकांची समजूत होती. पोटासाठीं फाळके नाटकांचे पडदे रंगवूं लागले. याच काळांत ते जादूचे खेळहि शिकले. आपल्या आडनांवाचीं अक्षरें उलटीं फिरवून त्यांनीं प्राध्यापक केल्फा असें नांव धारण केलें व त्या नांवानें ते लोकांस हातचलाखी दाखवूं लागले. हा केवळ पोरखेळ होता असें म्हणतां येणार नाहीं. प्रेक्षकाचा डोळा कोठें फसतो व त्याची जिज्ञासा कशानें जागी होते, हें ज्ञान त्यांस या खेळांतूनच मिळालें. पुढें चित्रपटांत तेंच त्यांच्या कामीं आलें.

१९०२ सालीं त्यांचा दुसरा विवाह झाला. या द्वितीय पत्नी सरस्वतीबाई. त्यांच्याविषयीं आम्हांस पुढें पुष्कळ सांगावयाचें आहे. दुसऱ्या वर्षीं फाळके सरकारच्या पुराणवस्तु खात्यांत छायाचित्रकार व नकाशे काढणारे म्हणून नोकरीस लागले. पण नोकरींत त्यांचें मन रमलें नाहीं. ती सोडून त्यांनीं लोणावळ्यास छपाईचे ठसे करण्याचा कारखाना काढला व तेथें राजा रविवर्मा यांच्या छापखान्यासाठीं काम केलें. नंतर मुंबईस लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स हा छापखाना उभा राहिला. रंगीत छपाईचीं नवीं यंत्रें पाहण्यासाठीं ते जर्मनीसहि जाऊन आले. छापखान्याचा लौकिक वाढला, पैसा येऊं लागला, आणि नेमक्या त्याच वेळीं भागीदारांशीं बेबनाव होऊन फाळके यांनीं भरल्या ताटावरून उठावें तसा तो धंदा सोडून दिला. वय चाळिशीस आलेलें, घरांत मुलेंबाळें, आणि हातीं कांहीं नाहीं, अशी त्यांची स्थिति झाली.

या विषण्ण अवस्थेंत त्यांनीं गिरगांवांतील एका चित्रगृहांत येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्ताचें चरित्र चाललें असतां त्यांच्या मनश्चक्षूंपुढें मात्र राम व कृष्ण, गोकुळ व अयोध्या दिसूं लागलीं. आपल्या लोकांस आपल्या कथा अशाच पडद्यावर पाहावयास मिळतील काय, या एकाच विचारानें त्यांस पछाडलें. दुसऱ्या खेळास ते सरस्वतीबाईंस घेऊन गेले. परधर्माची एक सुंदर कलाकृति पाहून द्वेष किंवा भीति न बाळगतां स्वतःच्या परंपरेकडे नव्या प्रेमानें वळावें, ही मनाची थोरवी आम्हांस फार अनुकरणीय वाटते.

तेव्हांपासून पुढील कांहीं महिने फाळके यांनीं जवळजवळ झोपेवांचूनच काढले. मिळेल तो चित्रपट पाहावा, घरीं येऊन प्रयोग करावे, पुस्तकें वाचावीं, असा त्यांचा क्रम होता. त्याचा परिणाम असा झाला कीं, डोळ्यांवर अतिशय ताण पडून त्यांची दृष्टि कांहीं काळ गेली. ज्याचा सर्व व्यवहार डोळ्यांवर, त्याचे डोळेच जावे, याहून मोठें संकट तें कोणतें! सुदैवानें वैद्यकीय उपचारांनीं दृष्टि परत आली. बरे होतांच त्यांनीं आपल्या आयुर्विम्याच्या पॉलिसी गहाण टाकल्या व १९१२ सालच्या फेब्रुवारीच्या आरंभीं लंडनचा मार्ग धरला. तेथें सेसिल हेपवर्थ या निर्मात्याच्या चित्रशाळेंत त्यांस चित्रपटाचें काम जवळून पाहावयास मिळालें. विल्यमसन नांवाचा कॅमेरा, फिल्मच्या कडेस छिद्रें पाडण्याचें यंत्र व इतर आवश्यक सामान घेऊन एप्रिलच्या आरंभीं ते मुंबईस परतले.

आतां भांडवल कोठून आणावें, हा प्रश्न उभा राहिला. चित्रपट म्हणजे काय हेंच ज्यांस ठाऊक नाहीं, त्या सावकारांस पैसा मागावा तरी कसा? येथें फाळके यांच्यांतील जादूगार पुढें आला. त्यांनीं एका कुंडींत वाटाणा पेरला व तिच्यासमोर कॅमेरा रोंवून ठेविला. महिन्याहून अधिक काळ ठराविक अंतरानें त्या कुंडीचें एकेक चित्र ते घेत राहिले. अंकुर फुटला, पानें आलीं, वेल वर चढला. मग तीं चित्रें सलग पडद्यावर दाखविलीं, तेव्हां महिन्याभराची वाढ मिनिटभरांत डोळ्यांसमोर घडून आली. वाटाण्याचा वेल जणूं आळोखेपिळोखे देत मातींतून उठला. ही चित्रफीत पाहून त्यांचे स्नेही चकित झाले व कर्ज देण्यास तयार झाले. आपल्या देशांत चित्रपटधंद्याची पहिली जाहिरात कोणती, असें कोणीं विचारल्यास आम्ही या वाटाण्याच्या रोपाकडे बोट दाखवूं. मोठमोठ्या शब्दांनीं जें पटलें नसतें तें एका रोपट्यानें मुकाट्यानें पटवून दिलें.

या युक्तीच्या मुळाशीं असलेलें तत्त्व आमच्या लहान वाचकांनीं नीट समजून घ्यावें. पडद्यावर वास्तविक कांहींच हालत नाहीं. एकामागून एक स्थिर चित्रें इतक्या वेगानें येतात कीं, आपल्या डोळ्यांस व मेंदूस तीं निरनिराळीं न भासतां एकच अखंड हालचाल भासते. मूकपटांच्या काळीं सामान्यतः सेकंदास सोळा चित्रें, या हिशेबानें एका मिनिटास ९६० चित्रें लागत. मनुष्य चालत असेल तर कॅमेऱ्याची मूठ फिरवीत राहिलें म्हणजे झालें. पण जी वस्तु आपण होऊन हालत नाहीं, तिला चालवावयाचें असल्यास ती केसभर सरकवावी, एक चित्र घ्यावें, पुनः केसभर सरकवावी, पुनः एक चित्र घ्यावें, असें शेंकडों वेळां करावें लागतें. मध्यें हात लागला, उजेड बदलला, कॅमेरा हालला, कीं सर्व श्रम व्यर्थ. पाहणाऱ्यास गंमत आणि करणाऱ्यास तपश्चर्या, असा हा प्रकार आहे.

वाटाण्यानें मिळवून दिलेल्या पैशास सरस्वतीबाईंनीं आपल्या अंगावरील दागिन्यांची जोड दिली, आणि राजा हरिश्चंद्र या चित्रपटाचें काम सुरू झालें. स्त्रीची भूमिका करण्यास कोणी स्त्री मिळेना, म्हणून साळुंके नांवाच्या तरुणानें तारामतीचें काम केलें. राजपुत्र रोहिदास झाला तो फाळके यांचाच मुलगा भालचंद्र. सरस्वतीबाई काय करीत होत्या म्हणाल, तर काय करीत नव्हत्या तेंच विचारावें. सगळ्या मंडळींचा स्वयंपाक त्यांच्याकडे, कपडे धुणें त्यांच्याकडे. आणि रात्रीं अंधाऱ्या खोलींत बसून फिल्मला छिद्रें पाडणें, ती रसायनांत धुणें, हींहि कामें त्याच करीत. चरित्रकारांनीं दादासाहेबांस जनक म्हटलें तें योग्यच आहे. पण जननीचें नांव शाळेंतल्या मुलांस सहसा सांगितलें जात नाहीं, ही उणीव आम्हीं येथें भरून काढूं इच्छितों.

३ मे १९१३ रोजीं गिरगांवच्या कॉरोनेशन चित्रगृहांत राजा हरिश्चंद्र सर्व लोकांस दाखविण्यांत आला. पूर्ण लांबीचा पहिला भारतीय कथापट म्हणून आज त्याचा गौरव होतो. मुंबईंत लोक आले. पण परगांवीं निराळाच अनुभव आला. सुरतेस पहिल्या खेळाचें उत्पन्न अवघें तीन रुपये झालें असें सांगतात. तेथील लोकांस दोन आण्यांत सहा तासांचें नाटक पाहावयास मिळे. मग तीन आणे देऊन दीड तासांत संपणाऱ्या खेळास त्यांनीं कां यावें? आजच्या मुलांसाठीं सांगावयाचें तर आणा म्हणजे रुपयाचा सोळावा भाग. खेळ लांबवावा, असा आग्रह तेथील भागीदारानें धरला. चित्रपट लांबविणें तर अशक्य होतें. फाळके यांनीं खेळ बदलला नाहीं, जाहिरात बदलली. सत्तावन्न हजार छायाचित्रें, पाऊण इंच रुंदीचें व दोन मैल लांबीचें एक चित्र, आणि हें सगळें केवळ तीन आण्यांत, अशा अर्थाची ती विक्षिप्त जाहिरात होती. लोक हंसले, चकित झाले, आणि खेळास आले. तीन रुपयांचें उत्पन्न तीनशेंवर गेलें, असें सांगतात.

ही गोष्ट आम्हीं वर्गांत सांगितली तेव्हां गणितांत हुषार असलेल्या एका मुलीनें हात वर केला व जाहिरात खरी होती काय, असें विचारलें. आम्हीं खडू तिच्याच हातीं दिला. राजा हरिश्चंद्राची लांबी सुमारें ३,७०० फूट होती. फिल्मच्या एका फुटांत सोळा चित्रें बसतात. ३,७०० ला १६ नें गुणिलें असतां ५९,२०० येतात. म्हणजे सत्तावन्न हजार हा आंकडा मुळींच फुगविलेला नव्हता. उलट तो थोडा कमीच होता. परंतु मैलाचे फूट ५,२८०, तेव्हां दोन मैलांचे १०,५६० फूट. आणि चित्रपट होता ३,७०० फुटांचा. चित्रांची संख्या खरी, लांबी मात्र जवळजवळ तिप्पट, असें फळ्यावर स्पष्ट दिसूं लागलें. क्षणभर वर्गांत शांतता पसरली. थोर पुरुषाच्या चरित्रांत असें कांहीं निघावें, हें मुलांस अवघड वाटलें असावें.

आम्हांस तें झांकून ठेवावेंसें वाटलें नाहीं. जाहिरातदाराची जीभ थोडी सैल सुटतेच, आणि फाळके त्या वेळीं कर्जानें वांकलेले होते. तरी दोष तो दोषच. त्याबरोबरच दुसरीहि एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. ज्यानें तीन आणे दिले, त्यास पडद्यावर खरोखरीच हजारों चित्रें पाहावयास मिळालीं, हरिश्चंद्राचें सत्त्व पाहावयास मिळालें, आणि तो पस्तावला नाहीं. जाहिरात मनुष्यास एकदां दारापर्यंत आणते. दुसऱ्यांदा तो येतो तो आंतील मालामुळें. सत्यासाठीं राज्य सोडणाऱ्या राजाच्या चित्रपटास मैलांचा हिशेब वाढवून सांगण्याची गरज खरोखर नव्हती. सत्तावन्न हजारांचें सत्यच पुरेसें अद्भुत होतें.

त्याच वर्षीं फाळके यांनीं आपला कारखाना नाशिकास हलविला. तेथें मोहिनी भस्मासुर तयार झाला. त्यांत दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई यांनीं कामें केलीं, आणि पडद्यावर स्त्रीची भूमिका स्त्रीनें करण्याचा पायंडा पडला. १९१४ सालीं सत्यवान सावित्री निघाला. त्या वर्षीं ते आपले चित्रपट घेऊन पुनः लंडनास गेले. तेथें त्यांची वाखाणणी झाली व तेथेंच राहून चित्रपट करण्याविषयीं त्यांस विचारण्यांतहि आलें. परंतु आपला धंदा आपल्या देशांतच वाढवावयाचा, या निश्चयानें त्यांनीं तें नाकारलें. ते परतले आणि पहिलें महायुद्ध पेटलें. भांडवल देणारे मागें सरले. पगार द्यावयाचे, कारखाना चालू ठेवावयाचा, आणि मोठा चित्रपट काढण्यास पैसा नाहीं, अशा पेंचांत ते सांपडले.

या अडचणीच्या काळांत, १९१५ सालीं, आगकाड्यांची मौज ही लहानशी चित्रफीत तयार झाली. नट नको, पोषाख नको, राजवाडा नको. स्वयंपाकघरांतील आगपेटी पुरेशी होती. काड्या टेबलावर मांडाव्या, किंचित् सरकवाव्या, चित्र घ्यावें, पुनः सरकवाव्या. पडद्यावर मात्र त्या काड्या आपण होऊन हालूं लागल्या, मांडणी मोडूं व नवी मांडूं लागल्या. लक्ष्मीचा गालिचा या दुसऱ्या एका चित्रफितींत त्यांनीं नाण्यांकडून असाच खेळ करविला. ज्याच्याजवळ खर्चावयास नाणीं नव्हतीं, त्यानें नाणींच नाचवावीं, यांतील विनोद वाचकांच्या ध्यानीं आलाच असेल.

ही विद्या फाळके यांनीं एकट्यांनींच शोधून काढली असें आम्ही म्हणत नाहीं. फ्रान्समध्यें एमिल कोल यांनीं १९०८ सालींच सजीव आगकाड्यांची चित्रफीत केली होती. इंग्लंडांत आर्थर मेलबर्न-कूपर यांनींहि आगकाड्यांचीं माणसें करून त्यांच्याकडून फळ्यावर एक आवाहन लिहविलें. सैनिकांस आगपेट्या पाठविण्यासाठीं लोकांनीं मदत करावी, असा त्याचा आशय होता. ती चित्रफीत १८९९ ची कीं १९१४ ची, याविषयीं विद्वानांत वाद आहे. परंतु निर्जीवांस चालवून लोकांस आवाहन करण्याच्या अगदीं आरंभीच्या उदाहरणांत तिची गणना होते. आजच्या नाचऱ्या बिस्किटांची व चालत्या डब्यांची वंशावळ अशी आगपेटींत जाऊन पोहोंचते. तिकडे काडीनें सैनिकांसाठीं मदत मागितली. इकडे नाशिकास काडीनें एका बुडत्या कारखान्याची चूल पेटती ठेविली.

चूल पेटती राहिली, आणि चांगले दिवसहि आले. १९१७ सालच्या लंकादहनानें लोकांस वेड लावलें. त्यांत राम व सीता या दोन्हीं भूमिका एकट्या साळुंके यांनींच केल्या, आणि प्रेक्षकांनीं त्या दोन्हींस सारख्याच भक्तिभावानें पाहिलें. चित्रपट कसे तयार होतात हें दाखविणारी एक चित्रफीतहि फाळके यांनीं काढली व तींत ते स्वतः काम करतांना दिसले. जादूगार आपलें गुपित उघडें करीत नाहीं. फाळके यांनीं तें लोकांपुढें मोकळेपणानें मांडलें, हा त्यांच्यांतील शिक्षकाचा गुण होय. त्यानंतर हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी स्थापन झाली. श्रीकृष्णजन्म व कालियामर्दन या चित्रपटांनीं त्यांची कीर्ति शिखरास पोहोंचली. बाळकृष्णाची भूमिका त्यांची लहान कन्या मंदाकिनी हिनें केली होती.

परंतु भागीदारांशीं त्यांचें पुनः पटलें नाहीं. ते कंपनी सोडून काशीस गेले, तेथें त्यांनीं नाटक लिहिलें, आणि कांहीं वर्षांनीं परत आले. इतक्यांत काळ बदलला. १९३१ सालीं आलम आरा हा पहिला भारतीय बोलपट आला व मूकपटांचें युग झपाट्यानें संपलें. फाळके यांनीं सेतुबंधन काढला. १९३७ सालीं, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षीं, कोल्हापुरास गंगावतरण हा बोलपटहि दिग्दर्शित केला. तो त्यांचा अखेरचा चित्रपट ठरला. दुसरें महायुद्ध चालू असतां चित्रपट काढण्यास सरकारी परवाना लागे. वृद्ध दादासाहेबांनीं पुनः एकदां कॅमेरा हातीं घेण्याची तयारी केली होती. पण परवाना मिळाला नाहीं, असें चरित्रकार सांगतात. १६ फेब्रुवारी १९४४ रोजीं नाशिक येथें त्यांचें निधन झालें. ज्या धंद्याचें बीं त्यांनीं कुंडींत पेरलें, त्याचा तोंपर्यंत महावृक्ष झाला होता; पण त्याच्या सावलींत त्यांस स्वतःस फार काळ बसतां आलें नाहीं. १९६९ सालापासून भारत सरकार त्यांच्या नांवानें चित्रपटक्षेत्रांतील सर्वोच्च पुरस्कार देत आलें आहे, आणि १९७१ सालीं त्यांचें टपाल तिकिटहि निघालें. जिवंतपणीं परवाना नाकारावा व मागाहून तिकिटावर चित्र छापावें, ही जगाची रीतच आहे काय, असा विचार मनांत आल्यावांचून राहत नाहीं.

आतां बुटीबोरीकडे परत येऊं. हें चरित्र सांगून झाल्यावर आमच्या वर्गांतील मुलांनीं आगकाड्या नाचवून पाहण्याचा हट्ट धरला. आम्हीं काड्यांचे गुल आधीं काढून टाकले, एक मोबाईल फोन पुस्तकांच्या चवडींत घट्ट बसविला, आणि एका शनिवारीं दुपारीं प्रयोगास आरंभ झाला. पहिल्या वीस चित्रांपर्यंत मुलांचा गलबला चालला होता. पन्नासाव्या चित्राशीं कोणाची तरी बाही लागून सर्व मांडणी विस्कटली व पुनः पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. संध्याकाळपर्यंत दोनशें चित्रें झालीं. सेकंदास सोळा या हिशेबानें तो खेळ साडेबारा सेकंद चालला. काड्यांचा एक माणूस उठला, चार पावलें चालला व पडला. मुलांनीं टाळ्या वाजविल्या. मग एका मुलानें हळूच विचारलें कीं, मिनिटभराच्या खेळासाठीं आणखी किती शनिवार लागतील?

त्या मुलाचा प्रश्न हेंच या चरित्राचें सार होय, असें आम्हांस वाटतें. पालकांस आमची विनंति एवढीच कीं, मूल जाहिरात पाहण्यांत रंगलें म्हणजे केवळ रागावूं नये; ती कशी केली असेल, असें त्यास विचारावें, आणि मग तींत सांगितलेलें खरें असेल काय, हेंहि विचारावें. पहिल्या प्रश्नानें त्याचे हात जागे होतील, दुसऱ्यानें त्याची बुद्धि. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कांहीं जण पुढें आमच्याच वसाहतींतील कारखान्यांत माल तयार करतील, कांहीं जण त्या मालाच्या जाहिराती रचतील. त्यांनीं फाळके यांच्यापासून केसाकेसानें पुढें सरकण्याचा धीर घ्यावा. सुरतेच्या त्या जाहिरातींतील सत्तावन्न हजार घ्यावे, आणि दोन मैल मात्र तेथेंच सोडून द्यावे.